मशीन घ्या, पण वाचलेले चाळीस सेकंद कुठे जाणार ते आधी ठरवा

आमचं दुकान गोव्यातल्या फोंड्यात, बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. त्याला कॅफे म्हणायचं की हॉटेल यावर घरात अजून भांडण चालू आहे, कारण सकाळी पातळ भाजी-पाव नि मिरची खाणारी माणसं आणि अकरानंतर कापुचिनो मागणारी कॉलेजची पोरं, दोन्ही त्याच बाकड्यांवर बसतात. दोन वर्षांमागे आम्ही ते कॉफीचं बटणवालं मशीन घेतलं, म्हणजे वरून बीन्स ओतायचे नि बटण दाबायचं, मग दळणं, दाबणं, पाणी, दूध सगळं तेच करतं. तेव्हापासून म्हापशापासून काणकोणापर्यंत ओळखीच्या दुकानवाल्यांचे फोन येतात, "घेऊं काय गो?" दर वेळी तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

मी मशीनच्या विरोधात नाही हे आधीच सांगते. दिवसाला शंभर वेळा पावडर दाबून दाबून मनगट धरलेली पोर मी माझ्याच दुकानात बघितली आहे, तिला आयोडेक्स चोळून दिलंय, त्यामुळे "हाताची कला गेली हो" असं कुणी म्हणालं की मी विचारते, कुणाच्या हाताची? आणि हे आजचं नाहीच. एस्प्रेसो म्हणजे दाबाने काढलेली कडक कॉफी, तिचं मशीन विजेच्या पंपाआधी लिव्हरचं होतं, इटलीत गाजिया नावाच्या माणसाने १९३८ मध्ये नव्या धर्तीच्या मशीनचं पेटंट घेतलं नि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ च्या सुमारास लिव्हरवाली मशीनं दुकानांत आली, तेव्हा माणूस खरोखर दांडा खेचून कॉफी काढायचा. मग १९६१ मध्ये फाएमा कंपनीचं ई-६१ आलं, त्यात विजेचा पंप, दांडा गेला. म्हणजे हातातलं काम काढून घेणं साठ वर्षांहून जुनं आहे. आपण भांडायचं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी, ती पुढे येईल.

पहिलं काम म्हणजे वही घ्या. डीलरला फोन नंतर. सलग तीन दिवस, तुमच्या गर्दीच्या वेळी, काउंटरच्या कोपऱ्यात उभं राहून मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि एक कप मागितल्यापासून हातात पडेपर्यंत वेळ कुठे कुठे जातो ते लिहा. मी उभी राहिले नि माझीच मला लाज वाटली. आमच्याकडे हाताने एक कापुचिनो करायला साधारण दीड मिनिट लागत होतं. त्यातले २५ ते ३० सेकंद शॉट, म्हणजे ती घट्ट कॉफी, कपात पडायला जायचे, ते कुठलंच मशीन कमी करत नाही, कितीही लाखांचं घ्या. ९ बारच्या दाबाने पाणी पावडरीतून जायला जो वेळ लागतो तो लागतोच, घाईने काढली तर आंबट पाणी मिळतं. मशीन वाचवतं ते दळण, वजन, दाबणं आणि दूध तापवणं, म्हणजे आमच्या हिशेबाने कपामागे चाळीसेक सेकंद. आणि खरा वेळ कुठे जात होता तर गल्ल्यावर! सुट्टे तीन रुपये शोधणं, पेमेंटचा स्पीकर बोलत नाही म्हणून गिऱ्हाइकाचा मोबाईल डोळ्यांसमोर धरून बघणं, "गेले काय पैसे? गेले म्हणतो मरे." तिथे एक माणूस नीट बसवला नि सुट्ट्यांचा डबा भरून ठेवला, तेवढ्यावरच अर्धी रांग कमी झाली. तेव्हा तीन दिवसांच्या वहीत तुमची अडचण गल्ल्यावर निघाली तर मशीन घेऊच नका, लाखांचा खर्च वाचला.

दिवसाला पन्नास-साठ कपांच्या आत असाल तरीही फुल ऑटोमॅटिक नको असं माझं मत. मधला रस्ता आहे, व्हॉल्युमेट्रिक म्हणतात त्याला, पावडर तुम्ही भरायची-दाबायची पण पाणी किती गेलं ते मशीन फ्लोमीटरने मोजतं नि स्वतःच थांबतं. सोबत वजनावर थांबणारा ग्राइंडर घेतला की नव्या पोराच्या हातून पण कप बिघडत नाही. मनगटाचा त्रास असेल तर ऑटोमॅटिक टॅम्पर, म्हणजे पावडर दाबून देणारं यंत्र, वेगळा मिळतो, तो घ्या, त्यात अजिबात कमीपणा वाटून घेऊ नका.

आता त्या चाळीस सेकंदांचं. पहिल्या महिन्यात ते सरळ मोबाईलमध्ये गेले. बटण दाबलं की पोर मोबाईल बघायची, समोरचा गिऱ्हाईक त्याचा मोबाईल बघायचा, आणि मधे मशीन एकटंच घरघर करत बसायचं. कॉफी चांगली होती बरं, आधीपेक्षा सारखी होती, रोज तीच चव. पण दुकानात आवाज नव्हता.

त्यातच मी शहाणपणा केला आणि टेबलांवर क्यूआर चिकटवले. आमच्याकडे एक मास्तर येतात, मराठी शाळेतून रिटायर झालेले, रोज पावणेआठला, कॉफी कपात नको ग्लासात, साखर अर्धी, सोबत एक बशी. त्यांना कधी काही मागावं लागलंच नव्हतं, ते पायरी चढायचे नि ग्लास भरायला लागायचा. नवीन पोरीला हे कोण सांगणार, तिने त्यांना टेबलावरचा चौकोन दाखवला. मास्तरांनी चष्मा कपाळावर घेतला, मोबाईल लांब धरला, मेनू उघडला पण, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, हांगा अर्दी साकर खंय बरोवपाची?" म्हणजे इथे अर्धी साखर कुठे लिहायची. मी मधे पडेपर्यंत ते उठले होते. नंतर तीन आठवडे आले नाहीत. मला फोन करायची लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

तेव्हा मशीन यायच्या आधी हे नियम भिंतीवर लावा, नंतर लावले तर कुणी पाळत नाही. बटण जो दाबेल त्यानेच कप हातात द्यायचा, काउंटरवर ठेवून नंबर ओरडायचा नाही. शॉट पडतो त्या अर्ध्या मिनिटात मोबाईल नाही, त्यात पाण्याचा ग्लास पुढे ठेवायचा, आणि मान वर करायची. बस्स. काय बोलायचं ते लिहून देऊ नका! "सुप्रभात, आमच्या कॅफेत आपले स्वागत" असलं पाठ केलेलं ऐकण्यापेक्षा मशीनची घरघर बरी. काही बोलावंसं नाही वाटलं तर नाही बोलायचं, नुसतं बघितलं तरी माणसाला कळतं आपल्याला बघितलं ते. क्यूआर ठेवायचाच तर बाहेरच्या टेबलांना नि परत मागवणाऱ्यांना ठेवा, आत येणाऱ्याला पहिला प्रश्न तोंडानेच.

आमच्या गोव्यातल्या जुन्या हॉटेलांत वेटर लांबूनच गल्ल्याला ओरडून बिल सांगतो, पुढचा एक अमुक, मागचे दोन तमुक, कागद नाही काही नाही. ती पण सिस्टमच आहे की, वेग आहे, चूक फारशी होत नाही. फरक एवढाच की ती चालवायला वेटरला तुमच्याकडे बघावं लागतं.

मशीन कुठे ठेवायचं यावर कुणी बोलत नाही आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्टारबक्स या अमेरिकन कॉफी कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष हॉवर्ड शुल्त्झ यांनी २००७ च्या फेब्रुवारीत आपल्याच अधिकाऱ्यांना एक पत्र लिहिलं होतं, ते बाहेर फुटलं. त्यात त्यांनी कबूल केलं होतं की ऑटोमॅटिक मशीनं आणल्यावर वेग वाढला पण दुकानातली मजा गेली, आणि ती मशीनं इतकी उंच की कॉफी करणारा माणूस गिऱ्हाइकाला दिसेनासाच झाला. पुढच्या वर्षी, २६ फेब्रुवारी २००८ ला, त्यांनी अमेरिकेतली सातेक हजार दुकानं संध्याकाळी तीनेक तास बंद ठेवून सगळ्यांना परत एस्प्रेसो काढायला शिकवलं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे उशिरा कळलं ते आपल्याला टेपने मोजता येतं. मशीनची उंची बीन्सच्या डब्यासकट विचारा, त्यात काउंटरची उंची मिळवा, आणि तुमच्याकडची सगळ्यात बुटकी पोर मागे उभी केली तर तिचे डोळे दिसतात का बघा. आमचं पहिल्यांदा समोरच ठेवलं होतं, नुसती केसांची क्लिप दिसायची. मग बाजूच्या भिंतीला आडवं लावलं, आता ती करताना अर्धी वळलेली असते, गिऱ्हाइकाला हात दिसतात, दूध दिसतं.

मशीन आलं म्हणून शिकवणं सोडू नका. बटणाला हात लावायच्या आधी दोन आठवडे तरी हाताने काढायला शिकवा, जुनं, हाताने पावडर भरायचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन विकू नका त्यासाठी. हिशेब साधा आहे, १८ ग्रॅम पावडर आत, ३६ ग्रॅम कॉफी बाहेर, २५ ते ३० सेकंदात. पंधरा-अठरा सेकंदात धो धो पडली तर आंबट नि पाणचट लागेल, दळण बारीक करा. चाळीसवर गेली तर कडू, जीभ कोरडी पडते, दळण जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या की कशाने काय झालं ते देवालाच माहीत. आणि रोज सकाळी दुकान उघडल्यावर पहिला शॉट मशीनचा असला तरी चाखायचाच, दुधाशिवाय, साखरेशिवाय. मशीनला चव नसते, त्याला वेळ कळतो, पाणी कळतं, तापमान कळतं, पण खवट बीन्स पण ते तितक्याच इमानदारीने दळून देतं.

बीन्स घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख आहे का बघा. आपल्याला तर चिक्कमगळूर, कोडगू शेजारीच आहे, देशातली बरीचशी कॉफी कर्नाटकातच पिकते, तरी आपण कुठून कुठून जुनी पाकिटं आणतो. एस्प्रेसोला भाजल्यानंतर आठवडाभर थांबलेले बीन्स बरे, अगदी काल भाजलेले घातले तर नुसता फेस होतो.

आता आपल्या पावसाचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्यात मीठ पाणी होतं, चपला बुरसतात, तर बीन्सचं काय होत असेल. तेच बीन्स, तेच सेटिंग, आणि शॉट एकदा २२ सेकंदात पळतो नि संध्याकाळी ३५ वर अडकतो. मशीनवाला सांगतो एकदा सेट केलं की बघायला नको, त्याने ते एसी शोरूममध्ये बघितलेलं असतं. पावसाळ्यात दिवसातून दोनदा घड्याळ लावून शॉट बघा. वरच्या डब्यात दिवसभर पुरतील तेवढेच बीन्स, रात्री उरलेले काढून घट्ट झाकणाच्या डब्यात. समुद्राजवळ असाल, कळंगूट-कोलव्याकडे, तर खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, बाहेरून तरी रोज कोरड्या फडक्याने पुसा.

पाण्याचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजणारा, घ्या, काही शे रुपयांना मिळतो. दीडशेच्या आसपास चांगलं, ७५ ते २५० मध्ये चालतं. ओपाच्या पाणी प्रकल्पातून येणारं नळाचं पाणी एक, बोअरचं एक, मे महिन्यात टँकरचं तिसरंच, आणि मशीन बिचारं तिन्ही पितं. जास्त क्षार असले की आत पापुद्रा धरतो नि हीटर जातो. म्हणून घाबरून सगळं आरओ करू नका हां, क्षार अगदीच नसले तर कॉफी मिळमिळीत लागते, वर टाकीतली पातळी बघणारा सेन्सर पाण्यातल्या क्षारांवरच चालतो, त्याला पाणी असून दिसत नाही. आमचं मशीन एक दिवस भरल्या टाकीने "पाणी भरा, पाणी भरा" म्हणत बसलं होतं, आम्ही अर्धा दिवस त्याला शिव्या देत होतो.

दुधाची माझी चूक सांगते, तुम्ही करू नका. त्या मशीनमध्ये दूध नळीतून जातं. रोज रात्री नळी त्याच्या औषधाने धुवायची असते, नुसत्या गरम पाण्याने नाही. ऑगस्टमध्ये एका रात्री लाईट गेली, मी म्हटलं सकाळी धुऊ, फ्रीज बंदच राहिला, आणि सकाळी पहिल्या चार कपांना वास आला. चौथ्या कपाला गिऱ्हाइकाने सांगितलं, कारण हाताने दूध तापवताना नाक भांड्यावर असतं, बटण दाबताना नाक कुठेच नसतं. तेव्हापासून सकाळी मशीनमधलं पहिलं दूध ग्लासात काढून वास घ्यायचा, मगच दुकान उघडायचं. तापमान ६० ते ६५ वर गोड लागतं, सत्तरच्या वर उकळलेल्या दुधाचा वास यायला लागतो, पण आपल्याकडच्या वयस्कर माणसांना ते ६५ म्हणजे कोमट वाटतं, ते कप परत पाठवतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्यासाठी वेगळं बटण ठेवा. फेस दुधातल्या प्रोटीनने धरतो नि चव फॅटने येते, दूध फ्रीजमधून थेट वापरा.

लाईट जाणार हे धरूनच चाला. दोन ग्रुपचं, म्हणजे दोन ठिकाणी कॉफी पडणारं मशीन ३ किलोवॅटच्या वर खातं, घरच्या इन्व्हर्टरवर ते क्षणभर चालणार नाही, आणि साध्या प्लगवर पण लावू नका, इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाईन ओढून घ्या. पण लाईट गेली म्हणून कॉफी बंद ठेवायची गरज नाही. दोन मजली फिल्टर, पितळेचा किंवा स्टीलचा, कधी नादुरुस्त झाला असेल असं वाटत नाही. वरच्या डब्यात चार मोठे चमचे पावडर, चकती हलकी दाबून, पाणी उकळून मिनिटभर थांबायचं नि हळूहळू ओतायचं, झाकण, वीसेक मिनिटं हात लावायचा नाही. दूध गॅसवर. चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ, असलेली पावडर चालते, आमच्याकडे वीस टक्क्यांची वापरतो, किती टक्के ते पाकिटावर छापलेलं असतं, आणि कायद्याने त्यात कॉफी निदान ५१ टक्के असावीच लागते. पावसाळ्यात आम्ही सकाळी सहालाच एक फिल्टर लावून ठेवतो, लाईट असो नसो.

त्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी भर बाजारात लाईट गेली. दुकानात डिकॉक्शनचा, म्हणजे फिल्टरमधल्या काढ्याचा, वास, मशीन गप्प, नि मी गॅसपाशी. मास्तर समोरून चालले होते, हातात माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या फळांच्या मांडवाच्या, सुपाऱ्यांचा घड, पिशवीतून कांगलां, ती रानफळं, बाहेर आलेली. पायरीपाशी थांबले, वास घेतला, आणि घड बाकड्यावर ठेवून बसले. मी ग्लास भरला, बशी दिली. अर्धा ग्लास संपल्यावर म्हणाले, "मशीन दुयेंत पडलें काय?" आजारी पडलं काय, असं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही एक जाडी वही केली, नेहमीच्या गिऱ्हाइकांची. ती नावांची नाही, कारण निम्म्यांची नावं आम्हालाच माहीत नाहीत. "निळी स्कूटर, हेल्मेट काढत नाही, बिनसाखर." "पोस्टातली बाई, सोमवारी दोन, बाकी एक." "मिशीवाले काका, फेस नको, फेस दिला तर चमच्याने काढून बशीत ठेवतात." नवीन पोर लागली की पहिले दोन दिवस तिला वहीच वाचायला द्यायची, मशीनचं मॅन्युअल नंतर. आमच्याकडे आता कामाला बाहेरगावच्या पोरी आहेत, मराठी-कोकणी शिकतायत अजून, त्यांना या वहीने जेवढं लवकर दुकान कळलं तेवढं मी सांगून सांगून कळलं नसतं. पॉइंट देणारं ॲप पण दाखवून गेला होता एक जण. त्याला मी विचारलं यात फेस नको कुठे लिहायचं.

डीलरला पैसे द्यायच्या आधी एकच गोष्ट धरून बसा, दुरुस्तीला माणूस गोव्यात आहे का. "दोन दिवसांत येईल" हे आम्हाला पण सांगितलं होतं, अकराव्या दिवशी आला, तो पण बाहेरून, राहण्याचा खर्च आमच्यावर. गॅस्केट म्हणजे रबरी रिंगा, दुधाच्या नळ्या, पाण्याचा फिल्टर हे जास्तीचे घेऊनच ठेवा आणि बदलायचे कसे ते त्याच्यासमोर पोरींकडून करून घ्या, व्हिडिओ काढा.

आणि बटणं. कंपनीकडून येताना त्यावर लाते, अमेरिकानो, असलं काय काय असतं, माप त्यांच्या कपांचं. सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक बटणाचं पाणी, दूध नि तापमान बदलता येतं, डीलरकडून ते कोड घ्या, ते मुद्दाम सांगत नाहीत. आपला ग्लास घ्या, पाण्याने मापा, त्या मापाचं बटण करा. आमचं पाचवं बटण मास्तरांच्या ग्लासाचं आहे, दूध जरा जास्त गरम, फेस नाही. साखर हातानेच, अर्धा चमचा. पोरींना लक्षात राहावं म्हणून त्यावर स्टिकर लावला, "मास्तर". आता कॉलेजची पोरं पण काउंटरवर येऊन "दोन मास्तर दे गो" म्हणून मागतात, नि मास्तर स्वतः शेजारच्या बाकड्यावर बशीत कॉफी ओतून पेपर वाचत असतात, त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. स्टिकर तेवढा वाफेने सुटतो, दर दोन महिन्यांनी नवीन लावावा लागतो, साधी इन्सुलेशन टेप नि मार्कर वापरा, ती टिकते.